बंपरच्या भंगाराचा दाणा पुन्हापुन्हा का बिघडतो

गाडीच्या बंपरचं भंगार दळून, वितळवून काळा दाणा (पुन्हा मोल्डिंगला वापरायचे प्लॅस्टिकचे दाणे) करून दिला, पहिले दोन लॉट बिनतक्रार गेले आणि तिसरा परत आला. चाकण, तळेगाव, रांजणगाव पट्ट्यातलं मोल्डिंगचं रिजेक्शन (नापास झालेले पार्ट) उचलून दाणा करणाऱ्या आपल्यासारख्या कुणालाही हे नवीन नाही. तक्रारही ठरलेली असते: पार्टवर ठिपके दिसतायत, आत बुडबुडे आहेत, स्क्रू मारला की बॉस (स्क्रू बसायचा उंचवटा) फुटतोय. इकडे आपल्या मशीनवर वितळलेला माल गाळणारी जाळी दर पंधरा-वीस मिनिटांनी चोक होत असते, ऑपरेटर वैतागलेला असतो, आणि कुणीतरी म्हणतं, "टेंपरेचर वाढवा."

तिथेच चूक होते. हा बिघाड बहुतेक वेळा बॅरलमध्ये (मशीनच्या ज्या नळीत माल वितळतो तिच्यात) जन्माला येत नाही. तो गोणीत आलेला असतो. मशीनच्या सेटिंगने तो झाकता येतो, काढता येत नाही, म्हणून दोन लॉटनंतर पुन्हा डोकं वर काढतो. भोसरीतल्या माझ्या छोट्या युनिटमध्ये या एका गोष्टीने जितका माल आणि जितक्या रात्री खाल्ल्या, तितक्या दुसऱ्या कशानेही नाही. म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी ठिपका कशाचा आहे ते बघा

तक्रार एकच असली तरी कारणं चार-पाच असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. लॉट चालू करायच्या आधी मूठभर चुरा (दळलेला माल) घ्या, दोन स्टीलच्या प्लेटमध्ये साधारण २०० अंशांवर वितळवून दाबा आणि कागदाइतकी पातळ पापडी करा. माल काळा असेल तर उजेडासमोर धरून काही दिसणार नाही. बॅटरीचा झोत बाजूने, आडवा टाका. ठिपके उंचवट्यासारखे उठून दिसतात. मग पापडी दोन्ही हातांनी ताणा. चांगलं पीपी (पॉलिप्रॉपिलीन, बंपरचं मूळ प्लॅस्टिक) ताणलं जातं, पांढुरकं होतं. जिथे परका कण आहे तिथे तो तसाच राहतो आणि त्याच्या कडेने भोक पडतं.

तो कण सुईने उकरून सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकावर ठेवा. पेंट असेल तर वितळत नाही, तपकिरी होऊन करपतो आणि पापुद्र्याच्या आकारातच राहतो. मेटॅलिक रंगाचा असेल तर भिंगाखाली ॲल्युमिनियमची चमक दिसते. नायलॉन असेल तर वितळून बारीक धागा ओढतं आणि केस जळल्यासारखा वास येतो. रबर असेल (दरवाजाच्या बीडिंगचं, गॅस्केटचं) तर दाबलं की चेपतं आणि सोडलं की परत येतं. बारकोडच्या लेबलचा कागद लगेच काळा पडतो. पाच मिनिटांचं काम आहे. आमच्याकडे आता प्रत्येक गाडीच्या मालाची अशी पापडी करून, तारीख टाकून, खिळ्याला अडकवून ठेवतो. माल परत आला की आधी त्या पापडीकडे बघायचं, मशीनकडे नंतर.

पेंट निघाला तर

बंपरवरचा पेंट म्हणजे भिंतीचा रंग नव्हे. आधी प्रायमर, त्यावर रंगाचा थर आणि सर्वांत वर लॅकर. वरचा लॅकर बहुतेक टू-के (दोन घटक मिसळून पक्का होणाऱ्या) पॉलियुरेथेनचा, म्हणजे एकदा पक्का झाला की पुन्हा वितळत नाही. पीपीवर रंग सहसा धरत नाही, म्हणून प्रायमरमध्ये क्लोरिन असलेलं पॉलिओलेफिन वापरतात. आपल्या मालाला बॅरलमध्ये जो नाकात चढणारा आंबूस वास येतो आणि स्क्रूवर, पुढे गिऱ्हाइकाच्या मोल्डवर जो गंज दिसतो, त्यात या क्लोरिनचा हात असतो.

थोडा हिशेब करा. बंपरची जाडी साधारण ३ मिलिमीटर, पेंटचे सगळे थर मिळून साधारण ०.१ मिलिमीटर. पेंट पीपीपेक्षा जड, त्यामुळे वजनात ४ टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे १ टन रंगवलेल्या बंपरमध्ये सुमारे ४० किलो न वितळणारा कचरा. एवढा कचरा छोट्या मशीनच्या जाळीने अडवायचा म्हटलं तर जाळी चोक होणारच.

यावर आपण सगळे आधी करतो तो उपाय म्हणजे बारीक जाळी लावणं. ८० मेशच्या (इंचाला ८० छिद्रांच्या) जागी १२०. मीसुद्धा बरेच महिने तेच केलं. त्याने प्रेशर वाढतं, प्रेशरने माल तापतो, आणि पेंटचे पापुद्रे तुटून आणखी बारीक होऊन जाळीतून पुढे जातात. ठिपके दिसायला लहान झाले, पण पार्ट तुटायचा थांबला नाही. कारण पेंटचा प्रत्येक कण हा आतला तयार चिरा आहे. धक्का बसला की तडा तिथूनच सुरू होतो. ठिपका दिसणं ही गिऱ्हाइकाची अडचण, पार्ट तुटणं ही गाडीत बसणाऱ्याची. दोन्हींत फरक करायला हवा.

मग करायचं काय? खरं सांगायचं तर लहान युनिटला रंगवलेल्या बंपरमधून नव्यासारखा दाणा काढणं परवडत नाही. सतत स्वतःला साफ करणारे लेझर फिल्टर आहेत, १०० मायक्रॉनच्या आसपासचा कचरा ते बाहेर फेकतात, पण त्यांची किंमत आपल्या अख्ख्या लाइनपेक्षा जास्त होते. नुसत्या गरम कॉस्टिक सोड्याने वंगण, चिखल, लेबलचा गोंद जातो, पण टू-के पेंट फारसा हलत नाही. पेंट सोलणारी खास रसायनं मिळतात, मात्र त्यांचं सांडपाणी आणि गाळ हा घातक कचरा आहे. तो २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणेच हाताळावा लागतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात ती प्रक्रिया नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नका.

आमच्या हाती लागलेला मार्ग साधा आहे. रंगवलेला आणि बिनरंगाचा माल दारातच वेगळा करायचा. बिनरंगाचा (मोल्डिंगचं रिजेक्शन, रनर म्हणजे साच्याच्या वाटेत उरलेला माल, शॉर्ट शॉट म्हणजे अर्धवट भरलेला पार्ट) सरळ चांगल्या दाण्याला. रंगवलेला स्वच्छ मालात साधारण पाचास एक या प्रमाणात, आणि तोही न दिसणाऱ्या, फार ताण न येणाऱ्या पार्टसाठीच: चाकावरचं आतलं लायनर, खालची शील्ड, असं. गिऱ्हाइकाला हे लेखी सांगायचं. लपवून दिलेला एक लॉट दहा लॉटचा विश्वास घालवतो, आणि या धंद्यात ऑर्डर विश्वासावरच येते.

जाळीवर साठलेला पेंटचा लगदा आणि धुण्यातला गाळ मात्र जाळायचा नाही, नाल्याकाठी टाकायचा नाही. रात्री मागच्या बाजूला शेकोटी पेटवणारे अजून आहेत. क्लोरिन, पॉलियुरेथेन, रंगद्रव्यं जळतात तेव्हा जो धूर होतो तो शेजारच्या वस्तीतली पोरं ओढतात. तो गाळ पिंपात भरून अधिकृत प्रक्रिया केंद्राकडेच जायला हवा. रांजणगावला तशी सोय आहे.

नायलॉन किंवा दुसरं प्लॅस्टिक निघालं तर

इथे "टेंपरेचर वाढवा" हा सल्ला सर्वांत महाग पडतो. पीपी १६० ते १६५ अंशांना वितळतं. नायलॉन ६ ला २२० च्या आसपास लागतात, नायलॉन ६६ ला २६० च्या आसपास. पीपीच्या बॅरलमध्ये २१० अंशांवर नायलॉन ६६ खड्यासारखं फिरत राहतं. तो खडा वितळावा म्हणून २६० पर्यंत चढवलं तर पीपीची साखळी तुटते आणि माल पाण्यासारखा पातळ होतो. मेल्ट फ्लो, म्हणजे वितळलेला माल किती सहज वाहतो त्याचं माप, तपासलात (२३० अंश, २.१६ किलो) तर आकडा उड्या मारून वर गेलेला दिसेल. एवढं करूनही नायलॉन पीपीत मिसळत नाही. दोघांचं जमतच नाही. पार्ट वाकवला की कांद्यासारखे पापुद्रे सुटतात.

मॅलेइक अनहायड्राइड जोडलेलं पीपी २ ते ५ टक्के घातलं तर दोघांना बऱ्यापैकी धरून ठेवतं. मोठा लॉट बिघडलाच असेल तर तो शेवटचा उपाय. रोजच्या मालात घालायचं म्हटलं तर भाव सुटत नाही.

खरा उपाय म्हणजे वेगळं करणं, आणि त्यासाठी घनता. पाण्याच्या टाकीत टाकून तरंगलं ते पीपी, बुडालं ते बाकीचं, ही आपली जुनी रीत आहे. घरगुती भांडी-बादल्यांच्या मालाला ती चालते. गाडीच्या मालाला ती फसवते, कारण बंपरमध्ये टाल्क (दगडाची मऊ पावडर) असतं. पाण्याची घनता १ धरली तर साधं पीपी ०.९०, १० टक्के टाल्कचं साधारण ०.९७, आणि २० टक्के टाल्कचं साधारण १.०४ ते १.०५. म्हणजे एका मॉडेलचा बंपर तरंगतो, दुसऱ्याचा बुडतो, आणि दोन्ही अस्सल बंपरचाच माल!

हे आमच्याकडे प्रत्यक्ष घडलं. एका गोणीतला अर्धा चुरा तरंगला, अर्धा तळाला गेला. टाकीवरच्या पोरांनी तळाचा सगळा "नायलॉन" म्हणून बाजूला काढला आणि तो कवडीमोलाने विकला गेला. नंतर एका तुकड्याच्या मागे छापलेली खूण वाचली तेव्हा कळलं. मोठ्या पार्टच्या आतल्या बाजूला दोन बाणांच्या टोकांमध्ये ही खूण असते. आयएसओ ११४६९ ची पद्धत आहे ती. "पीपी प्लस ईपीडीएम टीडी २०" म्हणजे पीपीत रबर आणि २० टक्के टाल्कची पावडर. "पीए ६६ जीएफ ३०" म्हणजे नायलॉन ६६ आणि ३० टक्के काचतंतू. ग्राइंडरमध्ये टाकायच्या आधी ही खूण वाचणारा एक माणूस ठेवा. इंग्रजी अक्षरं ओळखता आली की पुरे. आमच्याकडच्या मावशी दोन आठवड्यांत तयार झाल्या. आता लांबून पार्टचा आकार बघूनच सांगतात.

चुरा झालेलाच आला असेल तर मिठाचं पाणी करा. ९० लिटर पाण्यात १० किलो मीठ पूर्ण विरघळवलं की घनता १.०७ येते. हायड्रोमीटरने मोजा, अंदाजाने करू नका. यात साधं पीपी आणि टाल्कचं बंपर दोन्ही तरंगतं. पॉलिकार्बोनेट (१.२०), ॲक्रिलिक (१.१८), काचतंतूचं नायलॉन (१.३५ च्या वर), ॲसिटल (१.४१) तळाला जातात. चुऱ्याला हवेचे बुडबुडे चिकटले तर जड तुकडाही तरंगतो, म्हणून पाण्यात थोडा द्रव साबण टाका आणि ढवळून दोन मिनिटं शांत राहू द्या. नंतर गोड्या पाण्याने नीट धुवा, नाहीतर मिठाने बॅरल गंजेल. मिठाचं पाणी परत परत वापरा, गटारात सोडू नका.

या टाकीची एक मर्यादा आहे. एबीएस हे कडक प्लॅस्टिक (१.०४ ते १.०६) टाल्कच्या बंपरबरोबरच तरंगतं. ग्रिल, आरशाचं कव्हर, क्रोमची पट्टी यांतून ते येतं. त्यासाठी ॲसिटोनचा थेंब. एबीएस बोटाला चिकटायला लागतं, पीपीला काही होत नाही. पूर्ण पार्ट असेल तर जमिनीवर टाकून ऐका. एबीएसचा आवाज खणखणीत येतो, बंपरचा मऊ, दबका. कान तयार झाला की हे पटकन जमतं.

काचतंतूचा संशय असेल तर ५ ग्रॅम माल क्रुसिबलमध्ये (उष्णता सोसणाऱ्या वाटीत) ६०० अंशांना पूर्ण जाळा. २० टक्के टाल्कचा असेल तर १ ग्रॅम मऊ पांढरी पावडर उरते. काचतंतू असतील तर कापसासारखं जाळं उरतं आणि बोटाला टोचतं. असा माल पीपीच्या लाइनवर चुकूनही गेला तर स्क्रू झिजवतो.

पांढऱ्या क्लिपांबद्दल

याला वेगळा मथळा देतोय, कारण इथे मालापेक्षा माणसाचा प्रश्न आहे. दरवाजाच्या आतल्या ट्रिममागे लहान पांढऱ्या क्लिपा असतात. काही नायलॉनच्या, काही ॲसिटलच्या. दिसायला सारख्याच. ॲसिटल पीपीच्या तापमानाला वितळतं, त्यामुळे जाळी ते अडवत नाही, पण जास्त तापलं किंवा बॅरलमध्ये जास्त वेळ राहिलं की ते तुटून फॉर्मल्डिहाइडचा वायू सोडतं. डोळे झोंबतात, घसा धरतो. त्यात कुठे पीव्हीसीचा तुकडा असला (वायरिंगच्या नळीचा असतो) तर पीव्हीसीतून सुटणारं आम्ल ॲसिटलला झपाट्याने फोडतं आणि बॅरलमध्ये वायूचा दाब साठू शकतो.

डोळे झोंबले की मशीन गच्च बंद करून दूर जाऊ नका. माल आत अडकून राहणं हेच धोक्याचं. हीटर खाली आणा, स्वच्छ पीपी घालून बॅरल फिरवून रिकामं करा, डायसमोर (माल बाहेर पडतो त्या तोंडासमोर) कुणी उभं राहू नका, दारं-खिडक्या उघडा. बाहेर आलेला लोंदा पाण्याच्या पिंपात टाका. नवीन पोराला मशीनवर उभं करण्याआधी हे सांगितलंच पाहिजे, दाण्याचा दर्जा नंतर शिकवला तरी चालेल.

बुडबुडे येत असतील तर

दाणा ब्लेडने मधोमध कापा. आत पोकळी दिसली तर दोन शक्यता आहेत: पाणी, किंवा पेंट-तेलाचा वायू. ओळखायची रीत सोपी. तोच चुरा ८० अंशांवर ३-४ तास वाळवून पुन्हा चालवा. पोकळी गेली तर पाणी होतं. राहिली तर वायू, आणि मग वर पेंटबद्दल लिहिलंय तिकडे वळा. वाळवल्यानंतर खात्री करायची असेल तर चार-पाच दाणे दोन काचपट्ट्यांमध्ये धरून गरम प्लेटवर वितळवा. ओल असेल तर वितळलेल्या थेंबात बारीक फुगे स्पष्ट दिसतात.

पीपी पाणी पीत नाही म्हणून आपण निर्धास्त असतो, पण टाल्क आणि धुतलेल्या चुऱ्याचा पृष्ठभाग ओल धरतात. जून ते सप्टेंबर आमच्याकडे सर्वांत जास्त माल याच कारणाने परत यायचा. गोणी थेट फरशीवर ठेवलेली, वरून पत्र्याचा थेंब. लाकडी पॅलेट आणि ताडपत्री एवढ्यावर यातलं निम्मं संपलं. व्हेंट (वायू बाहेर काढायचं तोंड) असलेली मशीन असेल तर व्हॅक्युमचा पाइप दर आठवड्याला उघडून बघा. तो चिकट काजळीने भरतो आणि पंप नुसता आवाज करत राहतो.

तेलाबद्दल एकच गोष्ट. मोल्डला मारायचा सिलिकॉन स्प्रे चुऱ्यातून पुढे गेला आणि गिऱ्हाइकाने त्या पार्टला रंग मारला तर रंगावर माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. रंगवायच्या पार्टसाठी दाणा देत असाल तर हे आधी विचारून घ्या.

गोणी कुठे बिघडते

आता मुख्य गोष्ट. आमचा एक पुरवठादार चांगला, मोठा मोल्डर. माल बहुतेक वेळा स्वच्छ, पण महिन्यातून तीन-चार वेळा नायलॉन निघायचंच. वर्षभर मी त्यांच्या स्टोअरकडे तक्रार करत होतो आणि ते दर वेळी "यापुढे लक्ष देऊ" म्हणत होते. शेवटी त्या खिळ्यावरच्या पापड्या काढून तारखा मांडल्या. बिघडलेला माल कायम साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या रात्रीच्या पाळीचा होता.

परवानगी काढून त्या रात्री मी त्यांच्या शॉपवर जाऊन थांबलो. दीड वाजता दोन मशीनवर मटेरियल बदललं. एकावर पीपी संपून नायलॉन, दुसऱ्यावर उलट. पर्जिंगचे (आधीचा माल ढकलून बॅरल साफ करतानाचे) लोंदे बॅरलमधून बाहेर आले. वरून काळे, आतून अर्धे-अर्धे. हेल्परने ते फावड्याने उचलून जवळच्या पिंपात टाकले. त्या पिंपावर काहीच लिहिलेलं नव्हतं. पाळी संपताना झाडलोट झाली, क्लिपा, लेबलं, रनर, धूळ सगळं त्याच पिंपात गेलं. पहाटे ते पिंप "पीपी काळा" लिहिलेल्या गोणीत रिकामं झालं. त्या पोराची काहीच चूक नव्हती. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि दुसरं पिंपही नव्हतं.

मी त्यांना सहा रंगीत पिंपं नेऊन दिली, आमच्या खर्चाने. निळं पीपीला, लाल नायलॉनला, पिवळं मटेरियल बदलतानाच्या लोंद्यांना आणि झाडलोटीला. पिवळ्यातला माल मी वेगळ्या, कमी भावाने घेतो, पण घेतो. हे महत्त्वाचं आहे. बिघडलेल्या मालाला काहीच भाव दिला नाही तर तो चांगल्या गोणीत लपून येतो. हेल्परला मराठीत आणि हिंदीत लिहिलेला एक फलक मशीनजवळ लावला. त्यांच्याकडून येणारं नायलॉन जवळजवळ बंद झालं. मशीनवर मी एक बटणसुद्धा बदललं नव्हतं.

पिंपरी-चिंचवडमधल्या कुदळवाडी-चिखलीची भंगाराची गोदामं फेब्रुवारी २०२५ मध्ये पाडली गेल्यापासून हे काम आणखी कठीण झालंय. आमचा मधल्या हातांकडून येणारा माल हाताने निवडणारी जाणती माणसं तिथे होती. ती आता विखुरली आहेत. माल कुठून कसा फिरून आला ते कळत नाही. म्हणून जमेल तितका माल थेट मोल्डरकडून घ्या, आणि ती माणसं सापडली तर त्यांना निवडीच्या कामावर घ्या. पार्ट हातात घेऊन तो कशाचा आहे ते सांगणारा माणूस कुठल्याही यंत्रापेक्षा स्वस्त पडतो, आणि त्याला बरा पगार देणं आपल्याला परवडतं.

लॉट बिघडलेलाच हातात असेल तर

घाबरून तो पुन्हा बॅरलमधून काढू नका. प्रत्येक फेरीत पीपी आणखी तुटतं. आधी पापडी, मग राखेची तपासणी, मग मेल्ट फ्लो. नायलॉन अगदी थोडं आणि पेंट नाही, असं असेल तर २१० च्या वर न जाता जाडसर जाळीतून एकदाच गाळा. न वितळलेले खडे जाळीवर थांबतात. पेंट असेल तर गाळायचा खटाटोप नको, वर सांगितल्याप्रमाणे गिऱ्हाइकाला सांगून, न दिसणाऱ्या पार्टसाठीच स्वच्छ मालात थोडा थोडा करून जाऊ द्या. ॲसिटल किंवा पीव्हीसी असेल तर तो माल गरम करायचाच नाही. गोणीवर लाल पट्टी मारून बाजूला ठेवा.

जाळी बदलताना काढलेली जुनी जाळी लगेच फेकू नका. थंड झाली की पक्कडीने वाकवून तिच्यावरचा थर सोला आणि उजेडात बघा. आमच्या ऑपरेटरकडे अशा जाळ्यांचा एक डबाच आहे. एकीवर लाल-पांढरे पापुद्रे, दुसरीवर तांदळाच्या कणीसारखे नायलॉनचे खडे, तिसरीवर पितळेचा एक इन्सर्ट, जो चुंबकाने पकडलाच नव्हता. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की आता तो फोन करण्याआधी डबा उघडतो.